सेल्फ टॅनर, स्प्रे टॅन वगैरे: त्वचेला धोका कितपत?

मृदगंध | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ तीन वर्षं व्यायामशाळेत घाम गाळतोय आणि आता पहिल्यांदाच शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरतोय. सहा आठवडे उरलेत. त्याचे सेट्स, झोप, पाण्याचं प्रमाण हे सगळं मला तोंडपाठ झालंय, कारण घरात दुसरा विषयच नाही. आता त्यात नवीन प्रकरण आलंय ते रंगाचं. स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांत स्नायूंच्या कडा पुसट दिसतात म्हणून अंग गडद करावं लागतं म्हणे.

एक तर सेल्फ टॅनिंग लोशन हाताने चोपडायचं. नाहीतर आदल्या दिवशी छोट्याशा तंबूत उभं राहून अंगावर फवारून घ्यायचं. आणि तिसरा प्रकार, ज्याच्यामुळे मी हा धागा काढला, तो म्हणजे नाकात मारायचा स्प्रे. त्याच्याबरोबरच्या एका मुलाने तो ऑनलाइन मागवलाय. "आतून रंग येतो, घामाने जात नाही" एवढीच माहिती. बाटलीवर धड लेबलही नाही.

लोशनबद्दलही जालावर काहीच्या काही वाचलं. कोणी म्हणतं साखर आहे, निर्धास्त लावा. कोणी म्हणतं डीएनए तुटतो. खरं काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

डॉ_काजवा | सोमवार, रात्री १०:४०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. बाकीचं सविस्तर उद्या लिहिते, पण नाकातल्या स्प्रेचं आत्ताच सांगते: तो आजच्या आज बंद.

वर्णनावरून ते मेलॅनोटन-२ असण्याची शक्यता जास्त. त्वचेला मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) बनवायला सांगणारं जे संप्रेरक शरीरात असतं, त्याची ही कृत्रिम नक्कल. मळमळ, चेहरा लाल होणं, भूक मरणं हे नेहमीचे त्रास. पुरुषांत लिंग तासन् तास ताठ राहून इस्पितळ गाठावं लागल्याच्या नोंदी आहेत. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिळांची: असलेले तीळ काळपट होतात, नवे उमटतात, आणि मग त्यातला कुठला बिघडलेला आहे हे ओळखणं आम्हालाही जड जातं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडच्या औषध नियामकांनी याविरुद्ध इशारे दिलेले आहेत. बाटलीत नक्की काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्याला अजून घेतलेला नसेल तर उत्तम. घेतला असेल तर किती वेळा घेतला ते लिहा.

मृदगंध | सोमवार, रात्री १०:५५

घेतलेला नाही डॉक्टर, नुसता विचार चालू होता. तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. "लिंग" शब्दावर गप्प झाला. खूप आभार.

आडवाटसरू | सोमवार, रात्री ११:०३

एका शब्दात काम झालं. धागा इथेच बंद करायला हरकत नाही. ;-)

रसायनवाला | मंगळवार, सकाळी ७:५०

बंद नका करू, लोशनचा प्रश्न तसाच आहे. मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो (टॅनर बनवणाऱ्या कंपनीत नाही, आधीच सांगून ठेवतो), त्यामुळे रसायनाचा भाग माझ्याकडे.

बहुतेक सगळ्या सेल्फ टॅनरमध्ये रंग आणणारा घटक एकच असतो: डायहायड्रॉक्सीॲसिटोन, थोडक्यात डीएचए. तीन कार्बनची साधी साखर. "साखर आहे" म्हणणारे तेवढ्यापुरते बरोबर आहेत. पण ती त्वचेवर नुसती बसून राहत नाही. त्वचेच्या अगदी वरच्या थरात मेलेल्या, चपट्या पेशी असतात, त्या थराला स्ट्रॅटम कॉर्नियम म्हणतात. डीएचए तिथल्या प्रथिनांमधल्या अमिनो आम्लांशी अभिक्रिया करतं आणि तपकिरी रंगाचे रेणू तयार होतात, मेलॅनॉइडिन. पाव भाजताना वरची कड तपकिरी होते, ती हीच मायार अभिक्रिया, फक्त इथे आच नाही, म्हणून वेळ लागतो. दोन-चार तासांत रंग दिसू लागतो आणि पुढे दिवसभर चढत राहतो. लावल्यानंतर येणारा तो विचित्र खरपूस वासही अभिक्रियेचाच. सुगंध घालून तो दाबतात, पूर्ण कधीच जात नाही.

म्हणजे हा रंग पृष्ठभागावर चढवलेला थर नाही, वरच्या पेशीच रंगतात. त्यामुळे साबणाने जात नाही. पण त्या पेशी रोज झडत असतात, म्हणून पाच ते सात दिवसांत रंग आपोआप उतरतो. कोपर, गुडघे, घोटे, तळहात इथे मृत थर जाड असतो, तिथे रंग जास्त धरतो आणि डाग दिसतात.

शोध कसा लागला तेही गमतीचं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात एव्हा विटगेनस्टाइन या संशोधक ग्लायकोजेन साठण्याचा आजार असलेल्या मुलांना तोंडावाटे डीएचए देत होत्या. औषध सांडलं, अंगावर उडालं की काही तासांनी त्वचेवर तपकिरी डाग दिसायचे, कपड्यांवर मात्र काहीच नाही. बाईंनी ते स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिलं. १९६० साली हेलन बेरी यांच्यासोबत त्यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला आणि त्याच वर्षी कॉपरटोनचं 'क्यूटी' बाजारात उतरलं. सुरुवातीच्या त्या मालाने लोक नारिंगी व्हायचे. सेल्फ टॅनर म्हणजे गाजर ही बदनामी तेव्हापासूनची.

आता डीएनएबद्दल. २००४ मध्ये एक अभ्यास आला, त्यात तबकडीत वाढवलेल्या त्वचापेशींना डीएचए दिल्यावर डीएनएला इजा झाली, पेशी मेल्या. जालावरच्या भीतीचा उगम बहुधा तिथे आहे. अभ्यास खोटा नाही. पण तबकडीतल्या जिवंत पेशींना डीएचए थेट भिडतं, आणि आपल्या अंगावर ते आधी मेलेल्या पेशींच्या थराला भेटतं आणि बरंचसं तिथेच खर्ची पडतं. अखंड, निरोगी त्वचेवर लोशन लावणं आणि तो प्रयोग, दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. त्वचा फाटलेली असेल, एक्झिमा उसळलेला असेल, नुकतंच वस्तऱ्याने कापलं असेल, तर मात्र तो थरच राहत नाही. तिथे लावू नये.

जुनं_खोड | मंगळवार, सकाळी ९:१५

आयुष्यभर लोकांना गोरं व्हायची क्रीमं विकली, आता काळं व्हायची विकतात. देवाने दिलेल्या कातडीवर कोणी समाधानी आहे की नाही?

आडवाटसरू | मंगळवार, सकाळी ९:२२

काका, समाधानी गिऱ्हाईक कंपन्यांना परवडत नाही.

चाफेकळी | मंगळवार, दुपारी १:३५

जुनं_खोड काका, तुमचा राग समजतो, पण दुसरी बाजूही ऐका.

मला कोड आहे. बारा वर्षं झाली. दोन्ही हातांवर, मानेवर आणि डाव्या डोळ्याच्या कडेला पांढरे डाग. औषधं झाली, लाइट थेरपी झाली, काही भरून आले, काही तसेच आहेत. पाच वर्षांपूर्वी माझ्याच त्वचातज्ज्ञांनी डीएचए लोशन सुचवलं. मी म्हटलं, डागात रंगपेशीच नाहीत, रंग येणार कुठून? तर रसायनवाल्यांनी वर लिहिलंय तेच उत्तर मिळालं. या रंगाला रंगपेशी लागतच नाहीत, वरची मेलेली त्वचा पुरते.

सुरुवातीला मी बोटाने लावायचे. डागाच्या कडेबाहेर लोशन गेलं की तिथली चांगली त्वचा आणखी गडद व्हायची आणि डागाभोवती कडी दिसायची, आधीपेक्षा वाईट. आता इअरबडने लावते, कडेपासून किंचित आत थांबते. पहिल्या रात्री पातळ हात, दुसऱ्या रात्री गरज वाटली तर परत. शनिवार-रविवारी हे काम असतं, गुरुवारपर्यंत टिकतं, शुक्रवारी फिकुटलेलं असतं. डोळ्याच्या कडेचा डाग मात्र मी तसाच सोडलाय, तिथे लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तो आता माझा झालाय.

चूक एकच झाली, पण मोठी. पहिल्या वर्षी हात एकसारखे दिसायला लागले त्या आनंदात उन्हात दोन तास उघड्या हाताने बागकाम केलं. डाग तपकिरी दिसत होते ना, मग विसरलेच की खाली मेलॅनिन नाही. संध्याकाळी नेमक्या त्या डागांवर फोड. आजूबाजूची त्वचा ठीक, आणि डागांचा नकाशा लालभडक. रंग होता, छत्री नव्हती. त्या भाजण्यानंतर एका ठिकाणी डाग वाढलासुद्धा.

लपवण्यासाठी लावते का? काही दिवस हो. काही दिवस लावत नाही आणि तशीच जाते. दोन्ही माझ्या मनावर आहे, आणि तेवढं पुरे आहे.

जुनं_खोड | मंगळवार, दुपारी २:०५

ताई, शब्द मागे घेतो. माहिती नव्हती.

डॉ_काजवा | मंगळवार, रात्री ८:३०

चाफेकळी, फार नेमकं लिहिलंत. भाजल्या जागी डाग वाढणं कोडात होतं, इजेच्या जागी आजार उमटतो, म्हणून या लोकांनी उन्हाला दुप्पट जपायचं. हे लोशन लावणाऱ्या प्रत्येकाला जी गोष्ट सांगायची असते, ती तुमच्या हातांनी शिकवली. रंगलेल्या त्वचेला ऊन कमी लागतं हा सगळ्यात घातक गैरसमज. डीएचएच्या रंगाने मिळणारं संरक्षण एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचं माप) ३-४ च्या पलीकडे जात नाही, तेही काही तास. त्यामुळेच सनस्क्रीन नसलेल्या टॅनिंगच्या उत्पादनांवर "यात सनस्क्रीन नाही" असा इशारा छापणं अमेरिकेत सक्तीचं आहे. काही बाटल्यांवर एसपीएफ लिहिलेला असतो. त्यातला सनस्क्रीनही दोनेक तासांत संपतो, रंग आठवडाभर राहतो, आणि लोक रंगाकडे बघून बाहेर पडतात.

आणखी एक. एका जर्मन गटाने त्वचेच्या नमुन्यांवर २० टक्के डीएचए लावून अतिनील किरणं सोडली. चाळीस मिनिटांत मुक्त कणांची (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) निर्मिती न लावलेल्या त्वचेपेक्षा १८० टक्क्यांहून जास्त वाढलेली आढळली. २० टक्के हे बाजारातल्या लोशनपेक्षा बरंच जास्त आहे, नेहमीच्या लोशनमध्ये ३ ते १० च्या आसपास असतं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण यातून एक सोपी सवय निघते: लावल्यावर पहिले चोवीस तास उन्हात जायचं नाही. रात्री लावा. नंतर बाहेर पडताना नेहमीसारखा सनस्क्रीन, नेहमीसारख्या बाह्या.

ॲलर्जीचं थोडक्यात. खुद्द डीएचएची ॲलर्जी असते, पण विरळा. माझ्याकडे जे पुरळ घेऊन येतात त्यांचं बहुतेक वेळा सुगंध किंवा प्रिझर्व्हेटिव्हशी बिनसलेलं असतं. आधी पॅच टेस्ट: कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावा, दोन दिवस थांबा. खाज, लाली नाही तर पुढे जा. त्वचा कोरडी पडते, ते साधं मॉइश्चरायझर सांभाळतं.

तालीमबाज | मंगळवार, रात्री ९:४८

मी नऊ स्पर्धा केल्यात, त्यामुळे थोडं अनुभवाचं. मृदगंध ताई, भावाला सांगा, स्टेजचा रंग आणि घरगुती लोशन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्टेजसाठी दोन-तीन थर चढवतात, घरात बघितलं तर माणूस ओळखू येत नाही. दिव्याखाली मात्र बरोबर दिसतो.

पण एक सांगतो, स्प्रेला इतकं घाबरायचं कारण नाही. आम्ही दहा-बारा जण एका खोलीत ओळीने उभे राहायचो, फवारणारा माणूस सकाळपासून तेच करत असायचा. नऊ वर्षांत मला काहीही झालं नाही. दोन दिवस नाक शिंकरलं की तपकिरी यायचं, एवढंच.

रसायनवाला | मंगळवार, रात्री १०:१०

अहो तालीमबाज, "एवढंच"?! नाकातून तपकिरी येत होतं म्हणजे अभिक्रिया नाकात होत होती. तिथे मेलेल्या पेशींचा कोरडा थर नाही, ओली जिवंत अस्तरत्वचा आहे. आणि नाकात पोचलं ते पुढे कुठवर गेलं, हे शिंकरून कळत नाही.

तालीमबाज | मंगळवार, रात्री १०:१९

हं. असा विचार केला नव्हता.

डॉ_काजवा | बुधवार, सकाळी ६:४५

नियमांत हाच फरक आहे. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) डीएचएला १९७० च्या दशकात मान्यता दिली ती "बाहेरून लावण्यासाठी". त्या व्याख्येत ओठ, डोळे, नाकातोंडाच्या आतली ओली त्वचा येत नाही. सगळ्या अंगावर फवारताना या जागा वाचवता येतील याची खात्री नसल्यामुळे फवाऱ्यासाठी डीएचएला तिथे मान्यता नाही. स्प्रे टॅनची दुकानं तरीही चालतात, आणि एफडीएचं गिऱ्हाइकांना सांगणं असं की डोळे, ओठ, नाक झाकायला मागा, श्वासातून आत जाऊ देऊ नका. युरोपच्या वैज्ञानिक समितीने २०१० मध्ये फवाऱ्याच्या केबिनमध्ये १४ टक्क्यांपर्यंत डीएचए ग्राहकाला धोक्याचं नाही असं मत दिलं होतं. २०२१ मध्ये युरोपीय संघाने सेल्फ टॅनिंगच्या उत्पादनांवर १० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे तज्ज्ञांचंही एकमत नाही, पण लोशनवर भांडण नाही. भांडण आहे ते श्वासावर.

आणि गिऱ्हाईक वर्षातून दोनदा त्या खोलीत जातं. फवारणारा रोज असतो. दमा असलेल्यांनी तर या भानगडीत पडूच नये.

उगाचच | बुधवार, सकाळी ११:३०

मधेच विचारते. गरोदरपणात चालतं का? बहिणीला विचारायचंय (खरंच बहिणीला).

डॉ_काजवा | बुधवार, दुपारी १:१०

लोशन त्वचेतून रक्तात जाण्याचं प्रमाण अत्यल्प, त्यामुळे एखाद्या वेळी लावलं तर घाबरण्यासारखं काही नाही. स्प्रे नको. त्या दिवसांत त्वचा हळवी असते, आधी चाललेल्या वस्तूनेही पुरळ उठू शकतं, तेव्हा पॅच टेस्ट पुन्हा करा. आणि बहिणीच्या डॉक्टरांना एकदा सांगा, इथल्या अनोळखी डॉक्टरवर विसंबू नका.

घाईगडबड | बुधवार, दुपारी ४:२५

माझा किस्सा, म्हणजे तुम्ही तरी वाचाल. मैत्रिणीच्या लग्नासाठी पायांना सेल्फ टॅनर लावलं होतं. चौथ्या दिवशी पायांचे केस काढायची लेझरची वेळ आधीच घेऊन ठेवलेली. तिथे मला कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही, रंग बऱ्यापैकी नैसर्गिक आला होता ना! पहिल्या चार-पाच ठिणग्यांतच किंचाळले. चौकोनी चौकोनी भाजल्याचे डाग, ते जायला आठ महिने. क्लिनिकचं नाव घेत नाही, चूक अर्धी माझीही.

डॉ_काजवा | बुधवार, सायंकाळी ७:००

लेझरचा प्रकाश रंगाच्या शोधात असतो. केसातला रंग सापडला तर केस जळतो, त्वचेवर रंग असेल तर त्वचाच जळते, मग तो रंग बाटलीतला का असेना. लेझर किंवा आयपीएल (तीव्र प्रकाशाच्या झोताने केस काढणं) करायच्या आधी किमान दोन आठवडे सेल्फ टॅनर बंद, आणि विचारलं नाही तरी आपणहून सांगायचं.

तसंच तीळ तपासून घ्यायला येताना रंग लावून येऊ नका. डर्मोस्कोपने मोठं करून बघितलं की डीएचएचा रंग घड्यांमध्ये आणि केसांच्या छिद्रांत साचलेला दिसतो, आणि साधा तीळही संशयास्पद वाटू शकतो. उगाच बायोप्सी व्हायची. उलटही होतं, माणूस आठवड्याला रंग चढवतो आणि पाठीवरचा बदलणारा तीळ त्यात हरवून जातो. मृदगंध, भावाच्या पाठीचे, पोटऱ्यांचे रंग लावण्याआधी चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आडवाटसरू | बुधवार, रात्री ८:१२

एक बाळबोध शंका. मग सरळ उन्हात झोपून किंवा ते टॅनिंगचे दिवे लावतात तिथे जाऊन नैसर्गिक रंग आणला तर? रसायन तरी नको.

डॉ_काजवा | बुधवार, रात्री ८:४०

त्यापेक्षा रसायन शंभरदा लावा. उन्हाने येणारा काळपटपणा म्हणजे डीएनएला इजा झाल्यावर त्वचेने उघडलेली छत्री. टॅनिंगच्या दिव्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये पहिल्या गटात टाकलं, तंबाखू, ॲस्बेस्टॉस असतात त्या गटात. तिशीच्या आत हे दिवे सुरू केले तर मेलॅनोमाचा (त्वचेचा घातक कर्करोग) धोका ७५ टक्क्यांनी वाढतो असं त्यांनी तेव्हा नोंदवलं. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला, ऑस्ट्रेलियातली व्यावसायिक केंद्रंही पुढे बंद झाली. ज्याला गडद दिसायचंच आहे त्याला मी स्वतः लोशन सुचवते, ते याच कारणाने.

रसायनवाला | बुधवार, रात्री ९:३०

गोळ्यांचा विषय निघाला नाही, आधीच काढतो, कारण व्यायामशाळेत तोही निघणार. कॅन्थाझँथिन नावाचं केशरी रंगद्रव्य असतं. अन्नात किंचित रंगासाठी वापरतात, टॅनिंगच्या गोळीत त्याचा भलामोठा डोस. ते त्वचेखालच्या चरबीत साठतं म्हणून माणूस केशरी दिसतो. डोळ्याच्या पडद्यावरही त्याचे स्फटिक जमतात. यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. टॅनिंगसाठी त्याला मान्यता नाही.

आणि बाटलीबद्दल: डीएचए उष्णतेत टिकत नाही. गाडीत तापलेली किंवा दोन वर्षं पडून राहिलेली बाटली आंबट होत जाते, त्यात फॉर्मिक आम्ल आणि थोडं फॉर्माल्डिहाइडही तयार होऊ शकतं, आणि ते मात्र ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे. रंग बदललेला, वास बोचणारा असेल तर फेकून द्या. "मित्राची उरलेली अर्धी बाटली आहे" हा तर अजिबातच मार्ग नाही.

लेबलावर "एरिथ्रुलोज" दिसलं तर दचकू नका. तो डीएचएचा आळशी भाऊ, रंग यायला दीड-दोन दिवस लावतो, लवकर उतरतो, पण दोन्ही एकत्र असले की रंग जरा एकसारखा फिकटतो.

तालीमबाज | गुरुवार, सकाळी ६:२०

रात्रभर विचार करून माझा भाग सांगतो, नाकपुराणाची भरपाई म्हणून.

भावाने आदल्या आठवड्यात पायाच्या एका कोपऱ्यावर तेच उत्पादन लावून बघावं. दाढी-वॅक्सिंग जे काय ते रंगाच्या किमान एक दिवस आधी. खरखरीत कापडाने अंग घासून मृत त्वचा काढायची, नाहीतर स्टेजवर ठिपके. कोपर, गुडघे, घोटे, बोटांची पेरं इथे आधी हलकं मॉइश्चरायझर, म्हणजे तिथे रंग कमी धरतो. हातमोजे विसरला तर तळवे आठवडाभर नारिंगी, परीक्षकाशी हस्तांदोलन करताना लाज वाटते. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं राहायचं, मग सैल, जुने, गडद कपडे. सहा-आठ तास पाणी नाही, घाम नाही. घाम आला की पाठीवर नदीचा नकाशा.

स्प्रेच घ्यावा लागला तर खिडकी-पंखा असलेली जागा, नाकात फिल्टर, ओठांवर व्हॅसलिन, डोळे झाकलेले, फवारा चेहऱ्याजवळ आला की श्वास रोखायचा. चेहरा हाताने लोशनचा. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मृदगंध | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पॅच टेस्ट लावलीय, फोटो काढलेत (सतरा तीळ! त्याला स्वतःला माहीत नव्हते). मानेमागचा एक जरा वाकडातिकडा वाटला, तो रंगाआधी दाखवून येतोय.

मृदगंध | सात आठवड्यांनी, रविवार

हा धागा वर आणतेय, शेवट सांगायचा राहिला.

मानेमागचा तीळ निरुपद्रवी निघाला. लोशनच लावलं, दोन रात्री, दोन थर, पाठ मी लावली. पहिल्या प्रयोगात कोपर काळेकुट्ट झाले होते, खऱ्या वेळी बरोबर जमलं. स्पर्धेच्या ठिकाणी स्प्रेचा तंबू होताच, आणि आत खरोखर धुकं होतं. पोरं आत बाहेर, फवारणारा मुलगा विनामास्क. मी त्याला माझ्याकडचा एक देऊ केला, तो हसला, पण लावला.

भाऊ पाचवा आला. अठरात. स्वतःवर खूष आहे, प्रशिक्षक नाही. नाकवाल्या मुलाचं विचाराल तर तो आलाच नाही. आदल्या दिवशी उलट्यांनी बेजार होता असं ऐकलं. कारण तेच का, मला माहीत नाही.

आता फक्त माझे तळवे उरलेत. त्याला हातमोजे घातले होते, पण मी घातलेच नाहीत! आज सहावा दिवस, ऑफिसात सगळे विचारतायत. काही उपाय?

चाफेकळी | रविवार, दुपारी ३:१५

अभिनंदन त्याचं! कोमट पाण्यात हात दहा मिनिटं बुडवून मऊ कापडाने हलके घासा, मग तेल चोळा. रोज थोडं थोडं. जोरात घासू नका, सोलवटून निघतात.

आडवाटसरू | रविवार, दुपारी ३:२१

नाहीतर हातमोजे घालून ऑफिसला जा. उशिरा का होईना.